अधिक दोन

वनमालाकाकूंनी पिशवीतून निळी वही काढून संघमित्राच्या हातात ठेवली आणि अंधेरीच्या स्टेडियमच्या गेटबाहेरच स्वतः थांबल्या.

"आत चला ना, काकू. तिकिटं दोन काढलीत."

"माका काय कळता त्यातला? माझ्या चेडवाक घेऊन गावोगाव फिरलंस, तेवढा पुरे."

संघमित्राने दुसरं तिकीट त्यांच्या पिशवीत सरकवलं आणि ती आत गेली.

कल्याणी, भुवनेश्वर, इम्फाळ, मडगाव. बायकांची फुटबॉल लीग जिथे असेल तिथे ती आणि काकूंची मुलगी रुचिरा रजा जुळवून जात. राहत्या घरापासून जवळ म्हणून अंधेरी शेवटी ठेवली होती. "अंधेरी कुठे पळून चाललीय?" रुचिरा म्हणायची. निदानानंतर तिला अकरा आठवडे मिळाले.

विसाव्या मिनिटाला संघमित्राने वही उघडली. प्रेक्षक नेहमी इतके थोडे असत की एकेक करून मोजता येत. मधल्या रेषेच्या डावीकडचे रुचिरा मोजायची, उजवीकडचे संघमित्रा, मग बेरीज. संघमित्रा ट्रॉम्बेला प्रयोगशाळेत कामाला, पण दर वेळी स्वतःलाच धरायला विसरायची.

"सायंटिस्टबाई, आपण दोघी काय हवेत तरंगतोय?" असं म्हणत रुचिरा पुढे 'अधिक दोन' लिहायची. प्रत्येक पानावर ते तिच्याच अक्षरात होतं.

आज दोन्ही बाजू एकटीने मोजायच्या होत्या. डावीकडे ती दोनदा चुकली. एक्केचाळीस आणि छप्पन, सत्त्याण्णव. या वेळी ती विसरली नाही. लिहून झाल्यावर तिने पाहिलं, अधिक दोन.

तिने पेनाचं टोक त्या दोनवर टेकवलं. शाईचा ठिपका पसरत गेला. रेघ काही ओढवेना.

शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी पिशवी ठेवली.

"बाहेर ऊन लागता," काकू मैदानाकडे बघत म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "यातली आपली खंयची?"

"निळ्या जर्सीतल्या."

काकूंनी वही मांडीवर ओढली. मागची पानं उलटत, प्रत्येक पानाच्या तळाशी बोट ठेवत त्या आजच्या पानापर्यंत आल्या.

"माका धरलंस?"

"धरलं."

बेरीज बरोबर होती. कुठे चुकतेय का, ते संघमित्रा पुन्हा पुन्हा पाहत राहिली.