डॅडींच्या गाडीची चाकं

"चाकं चुकलीत, डॉर्सी. पुन्हा तेच." परीक्षक हॅस्केल गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाला.

डॉर्सीच्या मस्तकात तिडीक गेली. स्कूलबसच्या गॅरेजात हयात घालवलेल्या या माणसाने तिथे कधी आवाज चढवला नाही. पण ओहायोतल्या या जत्रेच्या मैदानावर दर ऑगस्टला जुन्या गाड्यांची स्पर्धा भरली की त्याचा नुसता भडका उडायचा. डॅडींची एकोणसत्तर सालची हिरवी मसल कार, दांडग्या इंजिनाची. इंजिन तेच, रंग तोच, सीटची शिवणसुद्धा तीच. आणि घोडं अडायचं कुठे, तर चाकांवर!

"अरे बाबा, गाडी घेतली त्या दिवसापासून हीच चाकं आहेत. साधी काळी, मधे वाटीएवढी कॅप. डॅडींनी शोरूममध्येच बदलून घेतली. नखरेल चाकं पोरं चोरतात म्हणून!"

"असेल. पण हे मॉडेल कारखान्यातून रॅली चाकांवर निघायचं, वर चकचकीत रिंग. तुझ्या डॅडींनी काय केलं ते आम्ही बघत नाही, कारखान्याने काय केलं ते बघतो. दुपारी पुन्हा फेरी मारतो. तिकडे जुन्या पार्टांच्या बाजारात मिळाली तर बघ."

हॅस्केल पुढच्या गाडीकडे गेला.

"कारखान्याने काय केलं म्हणे! कारखाना येत होता का आम्हाला शाळेत सोडायला?" डॉर्सी बायकोवर ओरडला, जसे काही नियम व्हर्नानेच केले होते.

"माझ्यावर कशाला डाफरतोस? नको बदलूस. चल घरी."

"आणि नॅडीन येतेय तिचं काय?"

नॅडीन त्याची धाकटी बहीण. डॅडींच्या दफनानंतर पहिल्यांदाच ओरेगॉनहून येत होती. दफनाच्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "तुझ्याकडे गाडी म्हणजे गंजून जाणार." ते त्याच्या मनात अजून सलत होतं. गाडीच्या काचेवर अस्सलपणाची निळी फीत असताना तिने ती बघावी, एवढीच त्याची इच्छा होती.

बाजारात एकाकडे चारही रॅली चाकं निघाली. भर उन्हात जॅक लावून डॉर्सीने ती चढवली. बोटं सोलवटली. हॅस्केलला शिव्या घालून झाल्या, कारखान्याला घालून झाल्या, शेवटी डॅडींनाही दोन हासडल्या. जुनी चाकं व्हर्नाच्या व्हॅनमध्ये गेली.

हॅस्केल आला, वाकला, खूश झाला. त्याने काचेवर फीत चिकटवली. "अभिनंदन! आता झाली अस्सल."

आता झाली! डॉर्सी कसाबसा हसला आणि खुर्चीत बसला.

थोड्या वेळाने नॅडीन रांगेतून येताना दिसली. त्याच्या गाडीपाशी आली, फितीकडे एक नजर टाकली आणि सरळ पुढे गेली. डॉर्सीने हाक मारली तशी धावत येऊन तिने त्याला मिठी मारली.

"किती वाळलास रे! गाडी कुठेय? दोनदा रांग पालथी घातली मी. विकलीस ना शेवटी? खरं सांग."

व्हर्ना दुसरीकडे बघू लागली. डॉर्सीने गाडीकडे हात केला.

"ही?" नॅडीन बघतच राहिली. "रंग आहे खरा... पण ही कुणा कॉलेजातल्या पोराची वाटते रे. मला वाटलं होतं, लांबूनच ओळखेन."

टोमणा असता तर डॉर्सीने परतवला असता. पण हा टोमणा नव्हता.

भोंग्यावरून घोषणा झाली, फीत मिळालेल्या गाड्या मंचासमोर आणा. शेजारची इंजिनं घुरघुरू लागली.

डॉर्सी उठला. व्हॅनमधून एक जुनं चाक, जॅक आणि पाना घेऊन पुढच्या चाकापाशी बसला.

"अरे, फीत काढून घेतील!" व्हर्ना म्हणाली.

"घेऊ देत!"

विजेत्या गाड्या एकेक करून समोरून जात होत्या. त्याने मान वर केली नाही. पहिला नट निघाला, तेव्हा तो ठेवायला जागा शोधू लागला. नॅडीन त्याच्याशेजारी गवतात बसली आणि तिने ओंजळ पुढे केली.