किती भीती झेपेल?

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, तीस वर्षं गुंतवणूक सल्लागार होते. प्रमाणपत्रं इतकी, की ती सगळी टांगल्यावर घराला रंग द्यायची गरजच उरली नाही. खोटं वाटत असेल तर रंगाऱ्याला विचारा. तो अजून आमच्याशी बोलत नाही.

निवृत्तीनंतर सल्ल्याला गिऱ्हाईक उरलं नाही, म्हणून त्यांनी ताईला धरलं. ती कांदे आणायला निघाली की हे म्हणत, "सगळे एकदम नको, टप्प्याटप्प्याने घे." महिन्याभरात ताईने हात टेकले.

"बाहेर काहीतरी काम बघा, नाहीतर मी धाकटीकडे जाते राहायला. कायमची!"

दाजींचं धाबं दणाणलं. वाचनालयात काउंटरवर माणूस हवा होता. प्रमाणपत्रांची थप्पी हातगाडीवर घालून हे हजर. ग्रंथपालबाईंनी वरची दोन पाहिली.

"शिक्का मारता येतो ना? आठवडाभर बघू. जमलं तर ठेवीन."

पहिल्याच दिवशी घोटाळा. एका आजींनी भुताची कादंबरी पुढे केली. दाजींनी शिक्का उचलला, पण जुनी खोड! गिऱ्हाइकाची कुवत पारखल्याशिवाय हात चालेना.

"वय?"

"तुला काय करायचंय रे मेल्या?"

"घरात एकट्याच असता? एक ते दहात भीती किती झेपेल?"

आजी घुटमळल्या. "...तीन."

"मग हे नको, हे आठचं आहे." त्यांनी दुसरं पुस्तक काढून दिलं आणि बजावलं, "मागच्या पुस्तकात मजा आली म्हणून यात येईलच, अशी हमी नाही हं."

रांग दाराबाहेर गेली, रस्ता ओलांडला, आणि तिचं शेपूट म्हणे समोरच्या न्हाव्याच्या खुर्चीत बसून दाढी करून घेत होतं.

"अहो, नुसता शिक्का मारा!" बाई कडाडल्या. "असंच चाललं तर आठवडा पुरा होऊ देणार नाही मी."

तिसऱ्या दिवशी आजी आल्या. "सहा वर्षांत पहिल्यांदा पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. आता चारचं दे." मागून दोघं-तिघं ओरडले, "आधी आम्हाला विचारा, आम्हाला!"

बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्यापासून तुमचं टेबल वेगळं. कायमचं. शिक्का मी मारते."

दुसऱ्या दिवशी दाजी डबा घेऊन बाहेर पडले आणि ताई भरदुपारी पाय पसरून तीन तास झोपली. घोरणं थेट वाचनालयात ऐकू आलं. बाईंनी "शांतता राखा"च्या पाटीकडे बोट दाखवलं. दाजी कौतुकाने म्हणाले, "आमच्या घरचं आहे."