गुलाबाची बांधी

नाकाडोंगरीचे सोमाजी मंडईसाठी लेकीच्या घरी सानगडीला आले, तेव्हा एसटीतून उतरताना त्यांच्या खांद्यावर चिन्नोर तांदळाची जड पिशवी होती. गुडघा दुखत होता, पण लेकीच्या उंबरठ्यावर रिकाम्या हाताने पाय ठेवायचा नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांच्या बापाने तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा कधी प्यायलं नव्हतं. सोमाजी तितके कडक नव्हते. ते जेवायचे. पण जेवलेलं त्यांना पचायचं नाही. हात धुतले की ते काम शोधायला लागायचे. खाटेची सैल दोरी आवळ, फाटकाचा खिळा ठोक, विळ्याला धार लाव. काहीतरी हातून झालं की मगच त्यांना ढेकर यायची.

दिवाळीनंतर त्या भागात गावोगावी मंडईची जत्रा भरते. घरं पाहुण्यांनी फुलून जातात, रात्रभर नाटक चालतं आणि सकाळी सगळे डोळे चोळत आपापल्या गावाला लागतात. सोमाजींनीही रिकामी पिशवी झटकून तिची घडी घातली, तोच लेकीची, खुशबूची, सासू मनकर्णाबाई आडवी आली.

“कुठी निघाले जी इवाई? नाकाडोंगरी काय पळून चालली?”

“धान उभं आहे इहीनबाई.”

“मनिष आहे ना कापाले. लेकाले काय शोभेसाठी ठेवला? गुडघा पाहा आपला, भोपळ्यावानी झाला. दोन दिवस गपचूप खाटेवर बसा.”

“खाटेवर बसून काय करू?”

“आमाले शिव्या द्या. मंडईत एवढं नाटक पाह्यलं, काहीतरी शिकले असान.”

व्याही-विहिणींनी एकमेकांची थट्टा करायची, ही तिकडची रीतच. पण या दोघांची थट्टा तीन वर्षं एकाच खुंटीला टांगलेली होती. मनकर्णाबाईचा मंगेश आणि सोमाजींची खुशबू यांचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला तेव्हा हार मुलाकडच्यांनी बाजारातून आणले होते. हार शिळे निघाले. मंगेशच्या गळ्यात घालताच पाकळ्या सगळ्या त्याच्या पायाशी आणि गळ्यात नुसता दोरा. सोमाजींना राहवलं नाही. “काय जी इहीनबाई, जावयाले नजर लागू नाही म्हनून दोरा बांधला का?” मांडव पोट धरधरून हसला. मनकर्णाबाईही हसली. पण त्याच पावसाळ्यात तिने साकोलीच्या नर्सरीतून कलमी गुलाब आणले आणि अंगणात कुंपणाच्या कडेने ओळीने लावले.

आता तिच्या मुलीचं, टीनाचं साक्षगंध व्हायचं होतं. मुलगा लाखनीचा. त्याच सकाळी चहाच्या वेळी त्यावरूनच तिच्या नवऱ्याने, वासुदेवरावांनी, पुन्हा तोंड उघडलं.

“पोराले सुट्टी नव्या वर्षाच्या पहिल्या हप्त्यात आहे. लाखनीवाले तवाच करा म्हनून राहिले. तू कायले अडून बसली?”

“माह्या फुलायले अजून आठ दिवस जास्त लागते.”

“आठ-दहा दिवसानं पौष लागते! पौषात साक्षगंध करतं का कोनी?”

“पौषाच्या आत, अमावस्येच्या आधी करू. बाजारचा हार आता ह्या घरात येनार नाही. काहून, ते इवाईले इचारा.”

सोमाजींनी बशीत तोंड खुपसलं. टीना फुगलेल्या तोंडाने कपबश्या उचलून आत गेली. त्या पोराची सुट्टी नेमकी कधी आहे, हे तिच्याइतकं पाठ कोणाला असणार?

चहा झाल्यावर सगळं घर धान कापायला गेलं. खुशबू तेवढी स्वयंपाकाला थांबली आणि उन्हं वर आल्यावर तीही शिदोरी घेऊन निघाली. “बाबा, उठू नका हं,” असं तिने दोनदा बजावलं. सोमाजींनी दोनदा मान हलवली. ती वळणावर दिसेनाशी झाली आणि सोमाजी उठले.

सकाळचे पोहे, वर वडे, वर खीर. पोट तट्ट फुगलं होतं आणि काम काही दिसत नव्हतं. खाटेची दोरी घट्ट होती. फाटकाचा खिळा मागच्या खेपेचाच. काठी टेकत ते अंगणभर फिरले आणि कुंपणाशी आल्यावर जागच्या जागी थबकले.

गुलाबांची दशा पाहवत नव्हती. प्रत्येक झाडाच्या बुडाची माती उकरलेली, मुळं उन्हात उघडी, खालची जमीन भाजल्यासारखी. पानं पिवळी पडून गळत होती. कोंबड्यांनी उकरलं असेल, सोमाजींना वाटलं. कापणीच्या गडबडीत कोणाचं लक्ष नाही. आणि हीच ती झाडं, ज्यांच्या फुलांसाठी विहीणबाई साक्षगंध अडवून बसली आहे! देवानेच आपल्याला आज खाटेवर ठेवलं, असं त्यांना वाटून गेलं.

सोमाजींनी उभा जन्म धानात काढला होता. झाडाची एकच भाषा त्यांना येत होती. ज्याच्या पायात पाणी, ते हसतं. ज्याच्या पायात पाणी नाही, ते मेलं. त्यांनी कुदळ घेतली. मुळांवर माती ओढली, पायाने दाबली. मग ओळीच्या चारी बाजूंनी चांगला हातभर रुंद मातीचा धुरा घातला, तोही असा की कुठून थेंब झिरपू नये. नळाला पाइप लावला, वरून हौदाच्या बादल्याही ओतल्या. गुडघा ओरडत होता, पण त्यांनी त्याचं ऐकलं नाही. शेवटी गुलाब घोटाभर पाण्यात उभे राहिले. धानाची नुकती रोवणी झालेली बांधी वाटावी! सोमाजींनी धुऱ्यावर बसून तंबाखू मळली. मोठी, समाधानाची ढेकर आली.

खुशबू रिकामे डबे घेऊन परतली ती फाटकातच उभी राहिली.

“बाबा, हे काय केलं?”

“तुह्या सासूची झाडं वाचवली. मुळ्या उघड्या पडल्या होत्या, पानं पिवळी धम्मक. घरात एवढी मानसं, एकाचं ध्यान नाही.”

“अजी बाबा, मुद्दाम उघडी ठेवली होती आईनं!”

“मुद्दाम? काहून?”

“थंडीच्या फुलासाठी. पाऊस गेला की माती काढाची, मुळांले ऊन दाखवाचं, पानी तोडाचं. झाड झोपते. मंग छाटाचं, खत द्याचं, अन् मंगच पानी. तवा कुठी सगळ्या झाडायले एकदम फुलं येते.”

सोमाजींची तंबाखू तळहातावरच राहिली.

“म्हंजे झोपलेल्याले मी आंघोळ घातली.”

खुशबूला हसू फुटलं. हसता हसता तिची नजर त्या पाण्यावर गेली आणि हसू आटलं. “दोन साल असंच काही ना काही चुकलं, बाबा. यंदा आई कोनाले तिकडे फिरकू देत नव्हती. मलेबी नाही.”

तेवढंच ती म्हणाली. पण सोमाजींना पुढचं सगळं दिसलं. झाडं गेली तर जाऊ देत, थट्टा झाली तर होऊ दे. उद्या या घरात भांड्याला भांडं लागलं की ‘तुह्या बापानं’ हे शब्द पोरीच्या कानावर पडतील. ती खाली मान घालून ऐकेल. तांदळाच्या किती पिशव्या आणल्या तरी ते भरून निघणार नाही.

“घमेलं आण,” ते म्हणाले. “अन् चुलीतली राख आण. सगळी.”

बापलेक कामाला लागले. धुरा फोडला, पाणी नालीत सोडलं. राहिलेलं सोमाजींनी लोट्याने उपसलं. खुशबूने जुन्या लुगड्याचे बोळे करून चिखल टिपला. मग मुळं पुन्हा उघडी केली, वरून राख टाकली, राखेवर धानाचा भुसा टाकला. पण राख आणि चिखलाचं काळं पिठलं झालं आणि भुसा त्यावर खोबऱ्यासारखा तरंगायला लागला. सोमाजी सुपाने वारा घालत बसले. गुलाबांना वारा घालणारा माणूस सानगडीत त्याआधी कोणी पाहिला नव्हता.

आणि नेमकी मनकर्णाबाई पाण्याची कळशी न्यायला लवकर घरी आली.

ती फाटकाशी थांबली. तिने झाडं पाहिली. मग सूप पाहिलं. मग सोमाजींच्या मिशा पाहिल्या. त्या राखेने पांढऱ्या झाल्या होत्या.

“आई, माह्या हातून बादली सांडली,” खुशबू घाईने म्हणाली.

“एक बादली?” मनकर्णाबाईने नालीकडे बघितलं. तिथून अजून पाणी खळखळत होतं.

“पोरगी खोटं बोलून राहिली,” सोमाजी उठले. गुडघा कडकन वाजला. “तिले काही म्हनू नका, इहीनबाई. ती घरी नव्हती. मीच केलं. मले वाटलं झाडं तहानली. पोटात तुमचं अन्न होतं, म्हनलं काहीतरी काम करावं. जे बोलाचं ते मले बोला. मी पाच वाजताच्या गाडीनं जातोच.”

चप्पल काढून मनकर्णाबाई वाफ्यात उतरली. एकेका झाडापाशी वाकली, फांदी बोटांनी चाचपली, नखाने साल किंचित खरवडून पाहिली. खुशबूने पदराचं टोक दातात धरलं. सोमाजी खाटेवरची पिशवी घेऊन तिची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते.

तेवढ्यात बायकोला वेळ का लागला म्हणून वासुदेवराव आले आणि तेही फाटकातच थांबले.

“काय झालं?”

“काय होते? इवाईनं गुलाब रोवले,” मनकर्णाबाई म्हणाली. तिच्या ओठांचे कोपरे हलायला लागले होते. ते आवरून ती सोमाजींकडे वळली. “झाडं मरत नाही इतक्यानं. पन आता ती झोपत नाही. पानी पेलं, जागी झाली. आता डोळे फुटाच्या आत उद्याच छाटा लागते.”

“मंग फुलं?” खुशबूने विचारलं.

“फुलं छाटनीपासून दीड महिन्यानं. उद्या छाटलं तं...” ती बोटांवर मोजायला लागली आणि मध्येच थांबली.

वासुदेवरावांची मोजणी तिच्याआधी झाली होती. “नव्या वर्षाच्या पहिल्या हप्त्यात!” त्यांनी खिशातून मोबाइल काढला. “मी लाखनीले फोन करतो.”

“अवो, थांबा तं...”

पण ते बोलत बोलत गल्लीच्या तोंडाशी पोचले होते. एरवी फोन लावायला ते मंगेशला हाक मारायचे. आज नंबर आपोआप सापडला. टीनाला संध्याकाळी कळलं. तिने सोमाजींना विचारता विचारता चार पोळ्या वाढल्या आणि वर तुपाची वाटी उपडी केली.

पाचची गाडी अर्थातच गेली. “शिक्षा बाकी आहे,” विहीणबाईने बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सोमाजींच्या हातात छाटायची कात्री दिली. सोमाजींनी फांदी धरली, कात्री लावली आणि तशीच ठेवली.

“धान कापता तवा असेच थांबता का?”

“धान पिकते तवा कापतो जी. हे तं हिरवं आहे.”

“हा डोळा बाहेर पाहून राहिला ना? त्याच्या वर, तिरपं. हं, दाबा.”

कट्‌कन आवाज झाला. सोमाजींनी डोळे मिटले होते, ते उघडले. दुसरी फांदी त्यांनी बघून कापली, तिसरी मजेने. नंतर त्यांना असा काही चेव आला की मनकर्णाबाईला त्यांचा हात धरावा लागला. “बस जी! झाड ठेवाचं आहे, काड्या जाळाच्या नाही.” प्रत्येक कापलेल्या टोकाला त्यांनी शेणाचा लेप लावला. बुडात जुनं शेणखत आणि बोडीच्या तळ्यातला गाळ घातला. मग विहीणबाईने त्यांच्यापुढे बादली आदळली.

“घाला आता पानी. कालचा हात चालू द्या.”

साक्षगंधाला नाकाडोंगरीहून सोमाजी दोन जीप माणसं घेऊन आले. फाटकातून त्यांनी आधी कुंपणाकडे बघितलं आणि मगच लोकांना रामराम केला. ओळीच्या ओळीत लाल गुलाब, थंडीने टवटवीत, दवाने जड. नेमकं मधलं एक झाड तेवढं उघडं होतं. चेवाच्या भरात सोमाजींनी ज्याला बुडापर्यंत छाटत नेलं होतं, ते. हार टीनाने आणि खुशबूने पहाटे ओवले होते. नवऱ्या मुलाच्या गळ्यात हार पडला. मनकर्णाबाई डोळ्यांची पापणी न हलवता बघत होती. पाकळी पडली नाही. एकही नाही. मुलाने मुद्दाम मान हलवून पाहिली, तरी नाही.

मग तिने पदराखालून आणखी एक हार काढला. “हा इवाईसाठी. त्यांच्याच मेहनतीचा.”

सोमाजींनी टोपी काढली, भारावून मान वाकवली. गळ्यात काहीच वजन जाणवेना, म्हणून त्यांनी खाली पाहिलं. नुसता दोरा होता. मधोमध एक गुलाब.

“नजर लागू नाही म्हनून बांधला जी,” विहीणबाई म्हणाली.

मांडव असा हसला की जेवणावळीकडची माणसं पळत पाहायला आली. सगळ्यांत मोठ्याने सोमाजी हसले. डोळे पुसत त्यांनी तो दोरा नीट केला, गुलाब छातीवर मधोमध आणला आणि तो दिवसभर काढला नाही.

संध्याकाळी जीप निघायला लागल्या. खुशबू वडिलांना पोचवायला आली. दर वेळी ते निघण्याआधी घरात एक फेरी मारून काही ढिलं, काही मोडकं शोधायचे. या वेळी ते सरळ जीपमध्ये जाऊन बसले.

“बाबा, काही राहिलं का?”

“हो,” सोमाजी म्हणाले आणि त्यांनी रिकामी पिशवी खिडकीतून बाहेर धरली. “ते बुंदीचे लाडू चांगले झाले होते. पाच-सहा बांधून आण.”