वाटणीची गोळी

जव्हारच्या मंसूर टेलरला रेडिमेड कपड्यांचा भारी तिटकारा. जितकी माणसं तितकी मापं, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला खांद्यावर टेप धरून ऐकवायचा. अशा माणसानं जे करून ठेवलं, ते कळल्यावर त्याच्या बायकोनं, अनीसानं, कपाळावर हात मारला यात नवल ते काय!

मुंबईच्या डॉक्टरांनी मंसूरच्या काळजात धातूची झडप बसवली होती. शेजारच्या खाटेवर मोखाड्याचे दामोदर, रिटायर कारकून. त्यांनाही तीच झडप. तिथून दोस्ती अशी जमली की मंसूर मोखाड्याच्या बाजाराला गेला की दोघांत एक चहा आणि भज्यांची एक प्लेट. एखादं भजं वर उरलं तर तेही मोडून निम्मं-निम्मं. दर दिवाळीला दोघांना एकाच ताग्यातला शर्ट.

रक्त पातळ ठेवायची गोळीही दोघांना एकच. पण मंसूर दारात मावत नाही एवढा, त्याला अर्धी. आणि दामोदर वाळलेली काडी, त्यांना दीड. हे मंसूरला झोंबलं. आपला आजार काय हलका आहे? दामोदरांना निराळाच घोर. हा धिप्पाड गडी अर्धीवर धडधाकट, मग आपण दीड गिळून मरायचं का? भजी खाता खाता दोघांनी काय तो निवाडा केला, आणि दोघांपैकी कुणीच तो घरी सांगितला नाही.

अनीसा काज-बटण करायची. एका दुपारी मंसूरच्या बोटात सुई गेली. तिनं हळद दाबली, चिंधी बांधली, तरी रक्त थांबेना. सकाळी नाकातूनही सुरू झालं, तेव्हा त्याला ओढतच तिनं दवाखाना गाठला. गोळी किती घेता, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक," तो म्हणाला. "त्यांची दीड, माझी अर्धी. म्हटलं, एकेक घेऊ."

बाईंनी समजावलं की गोळी अंगापिंडाकडे बघून ठरत नाही. प्रत्येकाचं रक्त ती आपल्या परीनं घेतं, ते आईबापाकडूनच येतं, म्हणून तर रक्त तपासून तपासून एकेकाचा डोस बसवतात. वेळेवर आलात, आता भीती नाही, असंही त्या म्हणाल्या.

अनीसाचा जीव भांड्यात पडला. मग राग आला. आणि मग तिच्या ध्यानात आलं. ह्यांना अर्धी जास्त झाली, म्हणजे तिकडे दामूभाऊंना अर्धी कमी पडून रक्त गोठत असणार. नवऱ्याला तिथंच टाकून ती फोनच्या बूथकडे पळाली.

फोन दामोदरांच्या बायकोनं, विद्युल्लतानं उचलला. ती म्हणाली, हे सकाळपासून पडूनच आहेत. डावा हात बधिर झालाय, तोंड जरा वाकडं वाटतंय. कुशीवर झोपले असतील, तेल चोळतेय.

"वहिनी, तेल ठेवा," अनीसा म्हणाली. "आधी जीप बघा."

जीप मिळाली. दामोदर वाचले. हात मात्र पुरता परतला नाही. बोटांत बटण धरवेना.

दिवाळी आली. मंसूर आपल्या अर्ध्या गोळीवर परतला होता. त्यानं मोखाड्याला जाऊन दामोदरांचं माप नव्यानं घेतलं, नेहमीसारखे एकाच ताग्यातून दोन शर्ट बेतले आणि शिवून अनीसापुढे ठेवले.

"दामूच्या शर्टाला काजं करू नकोस," तो म्हणाला. "टिचबटणं लाव."

टिचबटण म्हणजे बाजारू माल, माझ्या दुकानात नको, असं हा माणूस आयुष्यभर म्हणत आला होता. अनीसानं मान वर केली. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्यानं पुसलेही नाहीत.

"आणि तुमच्या शर्टाला?"

"मला काजंच. माझं माप वेगळं."

अनीसानं सुई ओवली आणि आधी दामूभाऊंचा शर्ट मांडीवर घेतला.