काटा अर्ध्यावर

वस्तादांच्या गॅरेजच्या शेडमध्ये बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात गाड्यांमधून काढून टाकलेले थर्मोस्टॅट होते. शंभरेक तरी असतील. थर्मोस्टॅट म्हणजे मुठीत मावेल एवढा वॉल्व्ह. इंजिन गार असेपर्यंत तो पाणी अडवून धरतो आणि इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडतो. बापड्याचं काम एवढंच. पण वस्तादांचा त्याच्यावर असा काही दात होता, की गाडी ब्रेकसाठी आलेली असो नाहीतर नुसत्या हॉर्नसाठी, परत जाताना ती थर्मोस्टॅटशिवायच जायची. गिऱ्हाइकांनी कधी तक्रार केली नाही. जुन्या इंजिनांचं त्यानं फारसं बिघडत नसे. ती जरा थंड चालायची आणि डिझेल थोडं जास्त प्यायची.

रागाला कारण होतं. तीस वर्षांपूर्वी त्यांची चार वर्षांची मुलगी तापाने फणफणली होती आणि वस्ताद जीपमधून तिला घाटापलीकडच्या इस्पितळात नेत होते. ऐन चढावर जीपमधला हा वॉल्व्ह बंदच्या बंद अडकून बसला, तापमानाचा काटा लाल रेषेपार गेला आणि बॉनेटमधून वाफेचे लोट निघाले. चार तास ते तिथे खोळंबले. पिण्याचं उरलेलं पाणी फडक्यावर ओतून बायको मुलीच्या कपाळावर ठेवत राहिली. मुलगी वाचली, पण वस्तादांनी कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवशी तो वॉल्व्ह उपसून त्यांनी डब्यात फेकला. डब्यातला तो पहिला.

तीच मुलगी पुढे नर्स झाली आणि डोंगराच्या पायथ्याच्या दवाखान्यात लागली. वर दगडाच्या खाणी आणि विखुरलेल्या वस्त्या होत्या. तिकडच्या फेऱ्या तीच करायची, दवाखान्याची गाडी स्वतः चालवत. वर्षानुवर्षं ती गाडी म्हणजे वस्तादांनी जिवापाड सांभाळलेली एक जुनी जीप. तिला सगळे म्हातारी म्हणत. म्हातारीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या कडेनं खालची जमीन दिसायची. चार पाने आणि एक पक्कड असली की तिचं काहीही खोलता यायचं. शिवाय ती आधी सांगायची, खोकायची, धूर टाकायची, वास सोडायची. न सांगता ती कधी थांबली नाही, असं वस्ताद छातीठोकपणे सांगत. तिचे ब्रेक दोनदा दाबावे लागत आणि मागच्या पेशंटची हाडं न् हाडं खिळखिळी होत, हे मात्र ते सांगत नसत.

मागच्या वर्षी मुलीने हट्ट धरून दवाखान्याला नवी गाडी घ्यायला लावली. वस्तादांनी महिनाभर तोंड फुगवलं. पहिल्यांदा बॉनेट उघडून पाहिलं, तर आत काळ्या प्लास्टिकचं झाकण आणि त्याखाली वायरींचं जंगल. त्यांनी तिचं नाव राणीसाहेब ठेवलं. उद्या या रुसल्या तर समजूत यांची काढायची की यांच्या कॉम्प्युटरची, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मुलगी खो खो हसली होती.

पुढे ती एकदा ऑईल बदलायला गाडी घेऊन आली आणि चहा टाकायला घरात गेली. वस्तादांनी इंजिन चालू करून पाहिलं. पाण्याच्या तापमानाचा काटा चढत चढत अर्ध्यावर, म्हणजे नव्या गाड्यांत असायला हवा तिथेच, येऊन थांबला. म्हातारीचा काटा कधी पाव रेषेच्या वर गेला नव्हता. अर्ध्यावरचा काटा पाहून वस्तादांनी लगेच इंजिन बंद केलं, कारण ही गाडी तोच घाट चढणार होती आणि आत त्यांची पोर बसणार होती. इंजिन निवल्यावर त्यांनी वॉल्व्ह काढला. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वाद झाला असता, आणि वादात ती त्यांना भारी पडायची.

दोन आठवड्यांनी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. तिने विचारलं. वस्ताद म्हणाले, राणीसाहेबांचे नखरे आहेत, दिवा पिवळाच आहे ना, लाल तर नाही, चालव. तिने महिनाभर चालवली. बापाच्या शब्दावर गाडी चालवायची तिची सवय जन्माची होती.

मग तो दिवस आला. सकाळी अकराला खाणीवरून फोन आला, सुरुंग भरणाऱ्या माणसाच्या मांडीवर दगड आलाय, रक्त थांबत नाहीये. दवाखान्यातून खाण चाळीस मिनिटांवर. तिसऱ्या वळणावर गाडीचा जोर गेला. इंजिन बंद पडलं नाही; इंजिनाचा जीव वाचवायला कॉम्प्युटरनेच त्याला आवरून धरलं होतं. माणूस चालतो त्या वेगाने गाडी घाट चढत राहिली. तिला दोन तास लागले. पोचली तेव्हा त्याच्यावर ताडपत्री टाकलेली होती आणि बाजूला त्याची बायको बसली होती.

दोन दिवस वस्ताद येईल जाईल त्याला एकच वाक्य ऐकवत होते, म्हातारी असती तर पोचली असती. लोक मान डोलवायचे. वाईट म्हणजे ते खोटंही नव्हतं. मुलगी समोर असली की मात्र ते हे बोलत नसत. ती जेवत नव्हती. ताट पुढे आलं की भात चिवडत बसायची आणि उठून जायची.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. त्याने समजावून सांगितलं, की या इंजिनांत धुराची काजळी धरून ठेवायला एक फिल्टर असतो. इंजिन पुरतं तापलं तरच ती काजळी जळून फिल्टर साफ होतो. हे इंजिन सहा आठवडे पुरतं तापलंच नव्हतं. काजळी साठत गेली, फिल्टर तुंबला आणि कॉम्प्युटरने जोर कापला. दिवा हेच सांगत होता. जे थंड ठेवलं की सुखरूप राहतं असं वस्ताद तीस वर्षं धरून चालले होते, त्याला मारायला थंड ठेवणंच पुरेसं होतं.

“मधे कुणी इंजिन उघडलं होतं का?” त्याने विचारलं.

सगळ्यांनी वस्तादांकडे पाहिलं.

“नाही,” वस्ताद म्हणाले. किती सहज निघालं ते तोंडून.

मग त्याने मुलीला विचारलं, दिवा किती दिवस लागला होता. ती म्हणाली, महिनाभर. कुणाला दाखवलात? तिने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. कुणाला नाही, ती म्हणाली, मीच दुर्लक्ष केलं.

वस्तादांना तोंडात मारल्यासारखं झालं. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. चौकशी संपेपर्यंत सिस्टरनी गाडी चालवायची नाही, असं ते म्हणाले. कंपनीचा माणूस उद्या दहाला इंजिन उघडणार होता. तोवर जुनी जीप पुन्हा कामावर, आणि तिच्या किल्ल्या त्यांनी वस्तादांच्या हातात ठेवल्या. वर्षभर वस्तादांना याच किल्ल्या हव्या होत्या. त्या खिशात घालून ते घरी गेले आणि त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. नव्या गाडीचा वॉल्व्ह सगळ्यात वर होता.

दुसऱ्या दिवशी आठच्या सुमारास ते दवाखान्याच्या अंगणात आले. एका खिशात वॉल्व्ह होता, दुसऱ्यात पाने. अर्ध्या तासाचं काम होतं. बसवून टाकला की दिव्याचा दोष तेवढा उरणार होता आणि तो मुलीने आधीच अंगावर घेतला होता. एवढा हिशोब करून ते आले होते. ही कहाणी त्यांच्या बाजूने सांगितलेली असली तरी हे लपवून उपयोग नाही. त्यांनी बॉनेट उघडलं, वरचं झाकण काढून बाजूला ठेवलं, आणि गाडीच्या मागे खुडबुड ऐकू आली.

मुलगी मागच्या दारात उभी होती. गाडीतलं स्वतःचं सामान ती पिशवीत भरत होती, पाण्याची बाटली, रेनकोट, पेशंटची वही. स्ट्रेचरवरची चादर त्या दिवशी घातली तशीच होती, एक सुरकुती नसलेली. तिने ती काढून घडी केली. मग वस्तादांना पाहून ती पुढे आली.

“बाबा, दिव्याचं कुणाला बोलू नका,” ती हळूच म्हणाली. “तुमची शेड बंद पडेल. या वयात तुम्ही काय करणार? मला दुसरीकडे कुठेही काम मिळेल. मी राजीनामा लिहिलाय.”

वस्तादांनी खिशातून मूठ बाहेर काढली आणि उघडली.

“हा हिचा आहे,” ते म्हणाले. “ऑईल बदललं त्या दिवशी मी काढला.”

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. घाट, वाफ, चार तास, आईच्या हातातलं ओलं फडकं. ती त्यांच्या तळहाताकडे पाहत राहिली.

“मला तो ताप आठवतसुद्धा नाही, बाबा,” ती म्हणाली.

ज्या दिवसाच्या भीतीवर वस्तादांनी अख्खं आयुष्य काढलं, तो तिच्याकडे नव्हताच.

“काल विचारलं तेव्हा नाही म्हणालात.”

“हो.”

“मी तिथेच होते.”

“होतीस.”

तिने बॉनेटकडे पाहिलं. त्यांच्या उघड्या खिशातून पाने डोकावत होते. ते कशाला आले होते हे तिला कळलं, आणि तिला कळलं हे त्यांना कळलं. तिने बॉनेट खाली घेतलं. आता हिला हात लावू नका, एवढं म्हणून ती मोठ्या डॉक्टरांच्या खोलीकडे चालू लागली. वस्ताद तिच्या मागून गेले.

डॉक्टरांच्या टेबलावर त्यांनी आधी वॉल्व्ह ठेवला, मग म्हातारीच्या किल्ल्या. इंजिन मी उघडलं होतं, ते म्हणाले, दिवा लागला तेव्हा चालव म्हणणाराही मीच. मुलगी म्हणाली, दिव्यात माझाही वाटा आहे, लिहा. डॉक्टर म्हणाले, खाणीवरच्या त्या बाईंना हे सांगावं लागेल, आणि पत्राने नाही.

“मी जाईन,” वस्ताद म्हणाले.

कंपनीच्या माणसाने वॉल्व्ह बसवला आणि फिल्टरमधली काजळी जाळून तो साफ केला. त्यात तो दिवस गेला. वस्ताद अंगणात लांब उभे राहून पाहत होते. पाना मागायलासुद्धा त्यांना कुणी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांच्या परवानगीने मुलीने गाडी काढली. वस्ताद शेजारी बसले. काटा पाव ओलांडून वर चढला, अर्ध्यावर आला आणि तिथे थांबला. वस्तादांनी त्यावरून नजर काढली नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर मुलीने गिअर बदलला आणि गाडी एका दमात वर निघाली. पिवळा दिवा लागला नाही.

खाणीच्या फाटकाशी तिने गाडी उभी केली. समोरच्या पत्र्याच्या खोलीतून ती बाई बाहेर आली आणि हात पुसत दारातच थांबली. वस्तादांनी उतरण्याआधी घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती.