उतरवायचा राहिलेला बिल्ला

एरिबेर्तोने एंटरच्या कळीवर टेकवलेलं बोट उचललं आणि हात मांडीवर परत घेतला.

"काय झालं?" परीक्षक लारेनास त्याच्या खुर्चीमागून म्हणाले. "बरोबर लिहिलंय. दाबा."

"नाही साहेब."

"बोटं जाड आहेत त्याची," मागून उलिसेस म्हणाला. "एक कळ दाबायला गेला की तीन दबतात."

पडद्यावर एकच ओळ थांबली होती: नोल्बेर्तोचं खातं काढून टाकण्याची कमांड. बंद पडलेली बाकीची खाती एरिबेर्तोने सफाईने काढली होती. हे एक राहिलं होतं.

ग्रिसेल्दाबाई खिडकीशी उभ्या होत्या. याच वर्गात, याच बुटक्या बाकांवर त्यांनी यांच्यातल्या काहींना अक्षरं शिकवली होती. आता या खाणकामगारांचे गुडघे बाकांखाली मावत नव्हते. खाण बंद पडली तेव्हा बाई स्वतः शहरात जाऊन सर्व्हर सांभाळायला शिकल्या आणि परत येऊन यांना शिकवू लागल्या. मुलांना शिकवताना त्या ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात करत. इथेही तसंच केलं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "खातं म्हणजे बिल्ला समजा. खाणीत उतरताना दिव्यांच्या खोलीत तुम्ही नंबराचा पितळी बिल्ला टांगायचात ना, तोच."

माना डोलल्या होत्या. धडा असा पटकन गळी उतरलेला पाहून बाई खूश झाल्या होत्या. दिव्यांच्या खोलीतली ती बिल्ल्यांची फळी दिवेवाल्या एरिबेर्तोने जन्मभर सांभाळली होती, आणि त्या फळीचा एक रिवाज होता. वर आलेला माणूस आपला बिल्ला आपल्या हाताने उतरवतो. जो वर आला नाही, त्याच्या बिल्ल्याला कोणी हात लावत नाही.

"सोडून गेलेल्या माणसाचं खातं सर्व्हरवर ठेवता येत नाही," लारेनास म्हणाले. "चोराला उघडं दार आहे ते. बाईंनी शिकवलं असेलच."

"शिकवलंय. पण तो सोडून गेलेला नाही. खाली आहे."

लारेनासांनी बाईंकडे पाहिलं.

"त्याला पगाराची घाई होती," बाई म्हणाल्या. "वर्ग अर्धा टाकून डोंगरातल्या एका बिळात कोळसा काढायला गेला. हिवाळ्यात पाणी शिरलं. सापडला नाही."

"वाईट झालं." लारेनासांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं. "पण वर्गाचा सर्व्हर एक, निकाल एक. हे खातं राहिलं तर मी कोणालाच पास करू शकत नाही."

"नुसतं कुलूप घातलं खात्याला तर?"

"नियमात 'काढणे' आहे, बाई. नियम मी केलेला नाही."

नापास म्हणजे काय, ते वर्गाला कोणी सांगायची गरज नव्हती. नगरपालिकांतल्या सर्व्हर सांभाळायच्या नोकऱ्या दुसऱ्या गावच्या वर्गाला जाणार, आणि ही माणसं सोमवारी पुन्हा बिळांत. उलिसेसने तर खोरं विकलंही नव्हतं. घरी दाराआड उभं करून ठेवलं होतं.

"उलिसेस, तुम्ही करता?" लारेनासांनी विचारलं.

"माझा बिल्ला नाही तो, साहेब."

शेवटच्या बाकावरून ओरिएता उठली. नोल्बेर्तोची बायको. त्याची जागा रिकामी पडली तेव्हा तीच येऊन तिथे बसायला लागली होती. गावात असा कोणी गेला की तो जिथे गेला तिथे त्याच्या जिवासाठी एक छोटंसं घर उभारतात, मेणबत्ती मावेल एवढं. शेजारणी फळ्या घेऊन आल्या होत्या. ओरिएताने त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. म्हणाली होती, घर आहे त्याला.

"सरका, दिवेवाले."

"ओरिएता, तुला कोणी सांगितलं नाहीये," एरिबेर्तो म्हणाला.

"बाईमाणूस खाणीत शिरलं की अपशकुन होतो म्हणायचात ना? आता काय व्हायचं राहिलंय? सरका."

एरिबेर्तो उठला. ती बसली, त्याने लिहिलेली ओळ तिने पुसली आणि एका बोटाने पुन्हा, आपली लिहिली. एंटर दाबलं.

मागे टोप्या उतरल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

लारेनासांनी वाकून खात्यांची यादी वाचली, पुन्हा एकदा वाचली. "स्वच्छ," ते हलक्या आवाजात म्हणाले. सही केली आणि बस चुकू नये म्हणून घाईने निघाले. त्यांच्या मागोमाग माणसंही गेली.

बाई आवरायला बसल्या. सवयीने त्यांनी सर्व्हरवरची घरं तपासली. प्रत्येक खात्याला आत एक घर असतं, त्याच्या फायलींचं. खातं काढताना कमांडमध्ये एक अक्षर जास्त लिहिलं तरच ते पडतं. सरावात ते अक्षर ओरिएता कधी विसरली नव्हती. उलट बाकीच्यांना ओरडायची, "अरे, घर कोण पाडणार, माझा बाप?" एरिबेर्तोने लिहिलेल्या ओळीतही ते होतं.

नोल्बेर्तोचं घर उभं होतं. बाकीच्या घरांपुढे मालकाचं नाव दिसत होतं. या घराच्या मालकाचं नाव आता सर्व्हरला ठाऊक नव्हतं; त्या जागी नुसता नंबर होता, पितळेवर ठोकलेला असावा तसा.

बाईंचे हात कळांवर गेले आणि तिथेच राहिले.

दाराशी ओरिएता कोटाची बटणं लावत होती. तिने वळून पाहिलं नाही.

"काही राहिलंय का, बाई?"

"नाही," बाई म्हणाल्या. "सगळं झालंय."

त्यांनी पडदा बंद केला. सर्व्हर तसाच चालू ठेवला.