दाढीवाली ज्वारी

मेडशीच्या शिवारात, शालिग्रामच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सकाळपासून माणसं उभी होती. शेजारी फुलचंदच्या वावरात पाखरांनी ज्वारीची कणसं साफ केली होती; इथे मात्र बारा आणे पीक शाबूत. मधोमध चोचबंद महाराज. चार वर्षांपूर्वी त्यांनी या वावराला फेरी मारून पाखरांच्या चोची मंत्राने बांधल्या. त्या साली पाटीभर कणसं वाचली, पुढे दरसाल वाढत गेली. वाचलेल्या प्रत्येक कणसावर लांब कुसळं.

"ही माझी दाढी," महाराज म्हणाले.

लोकांनी दाढीकडे पाहिलं, कणसाकडे पाहिलं, हात जोडले.

"यंदा सगळी कणसं होमात. एक दाणाही घरात ठेवाल तर चोची सुटतील."

शालिग्रामने विळा काढला. चार वर्षं गोफण फिरवून त्याचा खांदा बधिर झाला होता, आणि बाकीचा शालिग्रामही.

"अन् पुढच्या साली पेराले काय, दाढी?" त्याच्या बायकोने, प्रयागबाईने विचारलं.

"माय, श्रद्धा ठेव."

"ठेवली ना. पैल्या साली वाचलं तेच बी पेरलं. त्यातलं ओंजळभर कारंज्याले भावाले देल्लं. त्याच्या वावरातबी दाढी उगवून राह्यली, पाखरं तोंड लावत नाहीत. तुमी तिकडं गेलते?"

"मंत्र लांब जातो, माय."

"कारंज्याले पोचला, मंग या धुऱ्यापलीकडं काहून नाही पोचला?"

फुलचंदने जोडलेले हात सोडले.

गोष्ट एवढीच. प्रयागबाईच्या घरच्या बियातून कुसळवाल्या कणसांची थोडी ताटं आधीपासूनच उगवत होती. कुसळं टोचतात, म्हणून पाखरं आधी गुळगुळीत कणसं खातात. उरलं तेच बी झालं. आणि बापाचे कान पोराला येतात तशी कुसळं पुढच्या पिकाला आली. दरसाल निवड पाखरांनी केली. महाराजांनी फेरी मारली.

लोकांच्या डोळ्यातलं कुसळ काढण्यात हयात गेलेले महाराज दुपारच्या एसटीने मंगरूळपीरला गेले. ज्वारीला दाढी राहिली.

"होमाचं काय?" शालिग्रामने विचारलं.

"चूल पेटवते, भाकरी टाकते. होमच हाय तो," प्रयागबाई म्हणाली, आणि बियाची कणसं निवडायला बसली.

चमत्कार दिसला तर हात जोडायला हरकत नाही. आधी धुऱ्यापलीकडे बघून घ्यावं.